एका मताचे दोन मालक

“बाबा, शिडीला पडलेलं ते एक मत आपल्या घरातलं आहे का हो?”

विचारलं बाई एकदाचं! बाबांच्या शिंपीकामाच्या दुकानाच्या दारातच उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं, तोफेनं, मागं वळून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या भिंतीआड तिघी मैत्रिणी तोंडावर दप्तरं धरून खिदळत होत्या. “हिंमत असेल तर बाबांना विचारून दाखव,” असं त्यांनीच मधल्या सुट्टीत डिवचलं होतं. वक्तृत्व स्पर्धेत भर सभागृहात न अडखळता बोलून आल्यापासून तिची भीड पार चेपली होती आणि तोफ हे नावही तेव्हाच पडलं होतं. आता माघार घेतली असती तर फुसका बार म्हणून जन्मभर चिडवलं असतं.

पण प्रश्न साधा नव्हता. निवडणुकीत गावाची वरची आळी छत्री या चिन्हाची, खालची आळी शिडीची, हे पणज्यांच्या काळापासून ठरलेलं. कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाकडून साखर घ्यायची, सगळं त्यावरूनच. मोजणी आळीवार व्हायची, त्यामुळे कुठल्या पेटीत काय निघालं ते शेंबड्या पोरालाही पाठ. वरच्या आळीच्या पेटीत यंदा छत्रीला चारशे बारा आणि शिडीला एक. सलग तिसऱ्यांदा एकच! बोटं वळली ती शिंप्याच्या घराकडे, कारण तोफेच्या आईचं माहेर खालच्या आळीतलं. दोन घरांनी तर पोरांचे गणवेश गुपचूप दुसरीकडे शिवायला टाकले होते. असंच चाललं असतं तर बाबांना मशीनवर माश्या मारत बसावं लागलं असतं.

बाबांचा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावरच थांबला. काज करणाऱ्या आईच्या बोटात सुई घुसली.

“हळू बोल, कार्टे!” बाबा कुजबुजले आणि त्यांनी डोळ्यांनी कोपऱ्यातल्या पडद्याकडे खुणावलं.

उशीर झाला होता. पडदा सरकला आणि छत्री पक्षाचे अध्यक्ष बाहेर आले. अंगात अर्धवट कोट, त्याला एकच बाही, तीही नुसती टाचलेली. भिंतीआडच्या मैत्रिणींनी केव्हाच पोबारा केला होता.

“काय म्हणालीस, पोरी? कुणाचं मत?”

तिनं तोंड उघडलं. सभागृहात कधी बसला नव्हता असा आवाज आत्ता बसला. तेवढ्यात बाबा ताडकन उठले.

“माझं आहे ते. शिक्षा करायची तर मला करा.”

“माझं आहे!” आई त्यांच्यावर ओरडली.

अध्यक्षांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. “मत एक आणि मालक दोन?”

“अहो, तुम्ही कशाला अंगावर घेताय?” आई म्हणाली.

“मग तू का घेतेस? इतकी वर्षं मी कधी काही विचारलं का? माहेरची ओढ असायचीच.”

“कसली ओढ! मी आजवर छत्रीवरच शिक्का मारलाय. मला वाटलं, तुम्हीच तो उद्योग करता. या अध्यक्षांनी तुम्ही शिवलेला सदरा भर सभेत परत केला होता ना, तेव्हापासून धुसफुसत होता तुम्ही.”

“धुसफुसलो, पण मत छत्रीलाच दिलं! तुझ्यावर कुणाचा संशय नको म्हणून तर दर निवडणुकीला दारावर ही एवढी मोठी छत्री रंगवतो मी!”

“आणि मी म्हणायचे, चोराच्या मनात चांदणं!”

ते मत दोघांचंही नव्हतं, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. मग आईला जे हसू फुटलं ते आवरेना. बाबा मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की समोरचे दोऱ्याचे तुकडे उडाले. छातीवरचा धोंडा उतरलेला माणूस कसा दिसतो, ते तोफ पहिल्यांदाच बघत होती.

अध्यक्ष आरशासमोर जाऊन उभे राहिले.

“खरं सांगू? माझ्या घरात आई, बायको आणि दोन सुना. निकालाच्या दिवशी ते एक मत निघताच चौघी अशा गालात हसतात, की मी विचारायचंच सोडलंय.” त्यांनी बाही नसलेला हात पुढे केला. “गणवेशवाल्या दोघांना मी आजच सांगतो, शिंप्याला उगाच छळू नका म्हणून. तुम्ही आधी ही दुसरी बाही लावा. असा घरी गेलो तर त्या आणखी हसतील.”

बाबांनी टेप उचलली. थोड्या वेळात दुसरी बाही लागली.

अध्यक्ष गेले तशी तोफ दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली. आवाज परत आला होता, चांगला खणखणीत.

“आई, बाबा, ऐका. पुढच्या महिन्यात मला अठरा पूर्ण होतायत. मतदार यादीत नाव घालायला मी जाणार आहे आणि मत माझं मी ठरवणार आहे. कुणाला दिलं ते कुणालाच सांगणार नाही. तुम्हालासुद्धा नाही. तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलायला दोघांपैकी कुणीही उठायचं नाही!”