चौघांचं टेबल

खानावळीच्या दारातल्या पाटीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल अजून लोंबकळत होती, आणि तिच्या मागे रोमेलच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं—रोमेल, ४. नेरिसानं पुन्हा वाचलं. हो, चारच. एक तो, एक मी, आणि इसायला धरलं तर तीन—आठ महिन्यांची, माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपलेली... मग चौथं कोण?

"किती वेळ लागेल, मनांग?" तिनं पाटीवाल्या बाईला विचारलं.

"तासभर धरून चाल, इंदाय. दोघंच असता तर आत्ता बसवलं असतं."

दोघंच असता तर.

इथं जागा आधी राखून मिळत नाही, हे बाकोलोदमध्ये पोराटोरांनाही ठाऊक. कितीही मोठा माणूस आला तरी पाटीवर नाव, पुढे आकडा, आणि मग बाकावर बसून दुसऱ्यांच्या इनासलचा, निखाऱ्यावर भाजणाऱ्या कोंबडीचा, धूर गिळायचा. रोमेलला तर रांगेचा तिटकारा—पावाच्या दुकानात दोन माणसं पुढे दिसली तरी हा परत फिरणारा. आणि आज सकाळी, आपण होऊन, इसायची दुपटी वाळत घालता घालता म्हणाला, "चल पलांगा, आज इनासल खाऊ." पलांगा. लाडाचं हे नाव यापूर्वी त्यानं काढलं होतं ते फोनवर, मनिलाहून, एजन्सीच्या दारात उभं राहून—सही करून झाल्यावर. तेव्हा इसाय पोटात सहा महिन्यांची होती. नऊ महिन्यांचा करार, तेलवाहू जहाज, आणि कळा सुरू झाल्या त्या पहाटे तो जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात इंजिनाचा आवाज ऐकत... परत आला तेव्हा लेक त्याला बघून रडली. त्याच दिवशी, इसायच्या पायाला हात लावून तो म्हणाला होता—ही वर्षाची होईपर्यंत जहाजावर पाऊल ठेवणार नाही.

अजून चार महिने आहेत. तिला मोजावे लागत नव्हते; ते तिच्या अंगात आपोआप मोजले जात होते, दुधाच्या वेळेसारखे.

"चार का लिहिलंस?" शेवटी तिनं विचारलंच.

"तिघांचं टेबल नसतं गं इथं. दोघांचं, नाहीतर चौघांचं. बाळाची उंच खुर्ची दोघांच्या टेबलाला मावत नाही. हवं तर मनांगला विचार."

पटण्यासारखं. फारच पटण्यासारखं—जणू ते उत्तर घडी घालून खिशात ठेवलं होतं. मागच्या वेळी एजन्सीच्या माणसानं, त्या दियोस्दादोनं, त्याला जेवायलाच बोलावलं होतं. जेवायला घालून माणसं जहाजावर चढवण्याची त्याची रीतच. बायको समोर असली, मांडीवर मूल असलं, आजूबाजूला गर्दी असली, की ती भांडणार नाही... आणि मी खरंच भांडणार नाही, हे रोमेलला माहीत आहे.

बाकावरचे आजोबा एकाएकी तिच्याकडे वळून म्हणाले, "आमच्या मागून आलेले सहाजण जेवून ढेकर देत गेले, बघितलंस? या बाईचा नक्की कुणीतरी भाचा लागत असणार."

"भाचा नाही हो, लोलो," पाटीवाली तिथूनच म्हणाली, "ते दोघं-दोघं होते. तुम्ही सात जणांना घेऊन आलात. सून घरी ठेवायची."

"सूनच पैसे देणार आहे, तिला कशी ठेवू?"

सगळे हसले. रोमेलही. पण हसताना त्याची नजर फाटकाकडे गेली—गेली ना? की धुरामुळे डोळे मिचकावले त्यानं? शेगडीवरचा माणूस तंगड्यांवर केशरी तेलाचा कुंचला फिरवत होता, प्रत्येक थेंबाला भपका उठत होता, आणि त्या भपक्याआड येणारा प्रत्येक पुरुष तिला दियोस्दादो वाटत होता. एकदा तर तिनं मनातल्या मनात त्याला नमस्कारही केला.

"रोमेल, चार!"

टेबल खरंच चौघांचं होतं. इसायची उंच खुर्ची लागली, तरी एक उरलीच. कोंबडी आली, लसणाचा भात आला, रोमेलनं तिच्यासाठी कलामान्सी लिंबू पिळून बिया काढून टाकल्या, नेहमीसारख्या. मग पलीकडून लोलोंची सून आली. "ही खुर्ची घेऊ का? कुणी यायचंय?"

नेरिसानं घास तसाच हातात धरला.

"घ्या की," रोमेल म्हणाला. लगेच. अगदी सहज.

खुर्ची गेली. आता छातीतलं ओझं उतरायला हवं होतं—उतरलं नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, "आईचा आहे, इथं ऐकू येणार नाही," म्हणत अर्धी तंगडी ताटात टाकून तो उठला आणि धुरापलीकडे पाठमोरा उभा राहिला. सासूबाई त्याला या वेळी कधी फोन करतात? कधी कधी करतात. करतात की.

आणि मग तिला दिसलं, की तिचा हात त्याचं ताट फिरवतोय. आपण होऊन, अर्धा वळसा, भाताची बाजू पलीकडे, हाडांची आपल्याकडे. जेवण अर्धं टाकून कुणी प्रवासाला निघालं, तर मागे उरलेल्यांनी ताट फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो—आई असंच करायची, बाबा बोटीवर जाताना, न बोलता, डोळे वर न करता. फोनवर बोलायला उठलेल्या माणसासाठी कुणी ताट फिरवत नाही.

तासभर मी त्याच्या डोळ्यांवर, त्याच्या आकड्यावर, त्याच्या लाडाच्या शब्दावर पाळत ठेवून होते... आणि निरोप दिला तो मी. एवढ्या सराईतपणे. जणू माझ्या आतल्या कुणीतरी केव्हाच त्याची बॅग भरून दाराशी ठेवली होती, आणि आता ती व्यक्ती फक्त त्याच्या निघण्याची वाट बघत होती—चिडून नाही, रडत नाही. जरा हायसं वाटून. तिला त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

इसायनं भातात मूठ घातली. पलीकडे रोमेल मान हलवत होता, ऐकत होता, हो म्हणत होता की नाही, कळत नव्हतं. नेरिसानं ताटाच्या कडेवर बोटं तशीच ठेवली. फिरवलेलं ताट पुन्हा सरळ केलं तर काय होतं, हे आईनं कधी सांगितलं नव्हतं.