दादाची निवड

पात्रता फेरीत फुटबॉल संघ सलग चौथा सामना हरला आणि प्रशिक्षकाने विमानतळावरच राजीनामा देऊन टाकला. नवीन कोण, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव होतं, दादाचं.

दादा संघाचा माजी कर्णधार. अकरा वर्षं बचावफळी त्याच्या डोक्यावर उभी होती, आणि तेही अक्षरशः. आलेला उंच चेंडू डोक्याने परतवावा तर त्यानेच. खेळणं सुटल्यावर सहा वर्षं तो सहप्रशिक्षक होता. संघात सगळेच त्याला दादा म्हणायचे, पण सख्खा धाकटा भाऊ एकच. तो सामन्यांचं चित्रीकरण करायचा आणि त्यातल्या चुका वेचून खेळाडूंना दाखवायचा. म्हणून त्याला व्हिडिओवाला म्हणायचे.

मुलाखतीच्या तयारीसाठी व्हिडिओवाला दादाच्या घरी गेला. निवड समिती काय विचारेल, त्याचे प्रश्न त्याने लिहून नेले होते. पहिल्याच प्रश्नाला दादाने असं खणखणीत उत्तर दिलं की ऐकत राहावं. चहा झाल्यावर, उत्तर जरा आटोपशीर व्हावं म्हणून व्हिडिओवाल्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. दादाने नव्याने ऐकल्यासारखा विचार केला आणि तेच उत्तर पहिल्यापासून दिलं. व्हिडिओवाल्याने पाण्याचा घोट घेतला आणि मुद्दाम तिसऱ्यांदा विचारलं. दादा म्हणाला, "चांगला प्रश्न काढलास."

वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने वळून पाहिलं नाही, पण हातातली बशी तशीच धरून ठेवली.

दादा अंघोळीला गेल्यावर ती बोलली. हे विसरणं सुरू होऊन वर्ष झालं होतं. दोनदा तो गाडी बाजारात लावून चालत घरी आला होता. एकदा मुलीच्या शाळेचा रस्ता चुकला. डॉक्टरकडे न्यायला काढलं तर दवाखान्याच्या दारातून परत फिरला.

"भाऊजी, कुणाला बोलू नका," ती म्हणाली. "मैदानावर ते नीट असतात. घरी बसवलं तर महिन्याभरात संपतील."

मुलाखतीत दादाने समितीला खिशात घातलं. पंधरा वर्षांपूर्वीचा एक सामना त्याने मिनिटामिनिटाने उभा केला, कोण कुठे उभा होता ते टेबलावरच्या पेल्यांनी मांडून दाखवलं. दुसरा उमेदवार परदेशी होता. तो तक्ते आणि आकडे घेऊन आला होता. त्याच्या वेळी दोघं सभासद जांभया देत होते.

मतदानाआधी समितीचे अध्यक्ष बाहेर व्हरांड्यात आले. व्हिडिओवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "घरचा माणूस म्हणून विचारतो. आम्हाला कळायला हवं असं काही आहे का?"

"काही नाही साहेब," तो म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही, याचंच त्याला मागाहून नवल वाटलं.

चार विरुद्ध एक मतांनी दादाची निवड झाली.

दीड महिना निभावलं. व्हिडिओवाला सावलीसारखा मागे असायचा, कानात नावं सांगायचा, रोज सकाळी लक्षात ठेवायच्या गोष्टींची चिठ्ठी लिहून द्यायचा. संघ एक सामना जिंकलासुद्धा. वहिनीच्या चेहऱ्यावर रंग परतला.

मग घरच्या मैदानावरचा सामना आला. सकाळच्या बैठकीत संघाच्या डॉक्टरांनी बजावलं, "भिंगरीचा गुडघा अजून कच्चा आहे. समोरच्यांना धाक म्हणून बाकावर बसवा, पण उतरवू नका." भिंगरी म्हणजे मैदानाच्या कडेने चाल करणारा एकवीस वर्षांचा विंगर, जागच्या जागी गिरकी घेऊन तिघांना चकवणारा. त्या वेळी खोलीत तिघंच होते. दादा म्हणाला, "कळलं." व्हिडिओवाल्याला चिठ्ठीवर ते लिहावंसं वाटलं नाही, इतकं ते साधं होतं.

सत्तराव्या मिनिटाला संघ एका गोलने मागे होता. डॉक्टर पलीकडच्या टोकाला गोलरक्षकाच्या भुवईची जखम बांधत होते. व्हिडिओवाला प्रेक्षक गॅलरीच्या छतावर कॅमेऱ्यामागे होता. त्याला दिसलं, दादाने हात केला आणि भिंगरी जॅकेट काढायला लागला. त्याने वॉकीटॉकीवर बाकावरच्या सहाय्यकाला, त्याला उतरवू नका म्हणून ओरडून सांगितलं. सहाय्यक म्हणाला, "अरे, दादांनीच सांगितलंय." तो जिने उतरत सुटला. मैदानाच्या कडेला पोचेपर्यंत भिंगरीने आपली गिरकी घेतली होती. त्याला कुणी स्पर्शही केला नव्हता, तरी तो खाली पडला होता आणि गवत मुठीत धरत होता.

शस्त्रक्रिया झाली. चालता येईल, खेळता येणार नाही, असं सांगण्यात आलं.

चौकशी निवडीच्याच खोलीत झाली. दादा म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्या पोराला उतरवलं असतं का?" तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. डॉक्टरांकडे लेखी काही नव्हतं. अध्यक्षांनी त्यांना बडतर्फ करण्याची भाषा सुरू केली. डॉक्टर व्हिडिओवाल्याकडे बघत राहिले.

तो उभा राहिला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तिथेच होतो."

"म्हणजे दादा खोटं बोलतायत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. त्याला आठवत नाही. निवडीच्या आधीपासून आठवत नाही. मला आणि वहिनीला माहीत होतं."

दादाने टेबलावरचे आपले हात उलटेपालटे करून पाहिले.

"तीन जण म्हण," तो म्हणाला. "मलाही माहीत होतं."

प्रकृतीच्या कारणावरून दादाचा राजीनामा झाला. व्हिडिओवाल्याची नोकरी गेली, परदेशी प्रशिक्षकाला बोलावणं धाडलं गेलं. वहिनीने दार उघडायचं सोडलं नाही, पण बोलणं सोडलं.

एका दुपारी तो भिंगरीच्या घरी गेला. भिंगरी पाय स्टुलावर ठेवून बसला होता. व्हिडिओवाल्याने सगळं सांगितलं, व्हरांड्यातल्या त्या उत्तरासकट, आणि माफी मागितली. भिंगरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वाईट तुम्हाला वाटतंय," तो म्हणाला. "गुडघा माझा गेलाय."

कुबड्या ओढून तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. व्हिडिओवाला बसून राहिला. बऱ्याच वेळाने भिंगरीची आई आली, तिने स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं.

"तो आता बाहेर यायचा नाही," ती म्हणाली. "तुम्ही निघा."