पीस लिलीने मान टाकली

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा जागृती पोशीरहून खोपोलीला माहेरी गेली. जाताना नवऱ्याला एकच गोष्ट बजावली. "माझ्या पीस लिलीला जपा. उन्हात ठेवू नका, आन् पाणी बदाबदा ओतू नका. मुळं कुजतात."

किशोर भाताच्या गिरणीवर टेंपो चालवायचा. माणूस आज्ञाधारक. ओतू नका म्हटल्यावर त्याने पाणी घातलंच नाही. कुंडी तेवढी खिडकीजवळ सावलीत ठेवली.

एक दिवस दुपारी जेवायला घरी आला, तर लिलीने मान टाकलेली. हिरवीगार पानं काठावरून लोंबत होती, पांढरं फूल जमिनीकडे झुकलेलं. किशोर कुंडीपुढे उकिडवा बसला. हिला जागृतीची आठवण येतेय, त्याने ताडलं आणि लगेच व्हिडिओ कॉल करायचं ठरवलं. पण तिला असं पारोसं फोनसमोर कसं बसवायचं? म्हणून आधी पानं ओल्या फडक्याने पुसली, तांब्याभर पाणी पाजलं, मग फोन लावला.

"बोल तिच्याशी."

"कुणाशी?"

"लिलीशी. तुझ्याबिगर करमत नाय तिला."

जागृतीने मागे कुणी नाही ना, ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय गं, बरी हायेस ना?"

संध्याकाळी लिली ताठ उभी! किशोरने तिचा फोटो पाठवला. मग हा नेमच झाला. लिली मान टाकायची, किशोर तिला पुसून, पाणी पाजून फोनसमोर बसवायचा. जागृतीला मात्र राग यायचा. जागृती स्वतः कशी आहे, हे कुणी विचारतच नव्हतं.

अशात एकदा जागृती अंघोळीला गेली होती, तर फोन तिच्या आईने उचलला. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने अंधुक दिसायचं. तिकडे किशोर लिलीला फोनसमोर ठेवून हात धुवायला गेला होता.

"किशोरराव?"

लिली गप्प.

"अवो, मान वर करा की! केस किती वाढलेत! जेवता का नाय?"

वाऱ्याने पानं इकडून तिकडे हलली. सासूबाई काय समजायचं ते समजल्या.

जागृती बाहेर आली, तर आई तिचे कपडे पिशवीत कोंबत होती. "तू आधी घरी जा. माझं बघायला तुझी वहिनी हाय. जावय पार हिरवे पडलेत गं!"

आईच्या डोळ्याची तपासणी उरकून चार दिवसांनी जागृती धावतपळत पोशीरला आली. किशोर दारातच उभा, शेजारच्या सुंदराकाकींच्या भाकऱ्या खाऊन चांगला गरगरीत झालेला. आत लिली मात्र पुन्हा आडवी.

"बरं झालं आलीस. आता उठंल."

जागृती तिच्यासमोर बसून बोलली, बोलली. लिली आणखीच लोळली.

"रागानं बोलतेस तू. जरा गोड बोल."

जागृतीने मातीत बोट खुपसलं. माती ठणठणीत कोरडी. "पाणी कवा घालता?"

"तुला फोन लावायच्या आधी. तुला भेटायचं म्हंजी तिला तयार करायला नको?"

जागृती डोक्याला हात लावून बसली आणि मग हसत सुटली. तिने पाणी घातलं. अंधार पडायच्या आत लिली उभी राहिली.

किशोरने लिलीचं ताठ पान बोटाने हलवून पाहिलं. "म्हंजी एवढे फोन मी उगाच केले?"

"उगाच कशाला? करत जा की."

पाण्याचं काम आता जागृतीकडे आहे. किशोर मात्र दुपारी गिरणीवरून फोन करतोच. आधी विचारतो, "तू जेवलीस का?" लिलीची चौकशी त्यानंतर.