अकरावी ओळ

फोटोत अकरा ओळी होत्या. दहा गर्द हिरव्या, एक पिवळट. सुप्रियाने तीनदा मोजून पाहिल्या.

रामाकोन्याच्या शिवारातला ओंबीवर आलेला गहू तिने ड्रोनने वरून टिपला होता. हिरव्या ओळींखाली बुजलेले चर असणार. तिथे माती खोल, ओल टिकते, गहू उंच होतो. त्या ओळी आजच्या एकाही धुऱ्याला, म्हणजे बांधाला, जुमानत नव्हत्या. फार जुन्या शेतांच्या हद्दी असू शकतील.

पिवळी ओळ मात्र भिवाजीमामाच्या वावरात होती, शेजारच्या कलाबाईच्या धुऱ्याला समांतर, सरळसोट. खाली दगड असले की गहू असाच लवकर पिवळा पडतो.

नागपूरच्या पुरातत्त्व विभागातल्या सरांना सगळ्याच ओळी जुन्या हव्या होत्या. "एका ओळीवर खड्डा घेऊन मोजमाप पाठव," ते फोनवर म्हणाले, "कोणती ते तू ठरव." मामाने तर गावभर सांगून टाकलं होतं की आपल्या वावरात राजाच्या काळच्या खुणा निघाल्या. महिनाभर सुप्रिया त्याच्याच घरी राहत होती, त्याच्याच चुलीवरचं जेवत होती.

सकाळी तिने पिवळ्या ओळीवर खुंटी ठोकली.

"अवं, तिथं काय खोदून राहिली?" मामा फावडं खांद्यावर टाकून आला. "तिकडं नाल्याजवळ हिरवी वळ हाय ना, मस्त."

"मामाजी, इथं आधी धुरा होता का?"

"धुरा जिथल्या तिथंच हाय."

कलाबाई गवताचा भारा खाली टाकून धुऱ्यावर उभी राहिली. "माहा सासरा म्हने, हद्दीत उभा गोटा पुरला होता. मले तर कधी दिसला नाही, बापा."

"पावसानं माती वाहते वहिनी, धुरा आपोआप सरकते."

"हो न भिवाजीभाऊ! पन दरसाली माह्याकडंच सरकते."

मामा हसला, पण नजर सुप्रियावर. मग हळूच म्हणाला, "पोरी, वर्साले नांगराचा एखादा तास इकडचा तिकडं झाला, तर त्याले चोरी म्हनत नाहीत. तू लिही पुरानं हाय म्हनून. तुहे सर खूश, मी खूश."

सुप्रियाने मागे पाहिलं. गाडीरस्ता मामाच्या घरावरूनच जात होता. समोर कलाबाई भाऱ्यावर बसली होती. उठायचं नाव नाही. खुंटी हलवायची म्हटली तर दोघांच्या डोळ्यांदेखत हलवावी लागणार होती.

"फावडं द्या, मामाजी."

त्याने दिलं नाही. तिने पिशवीतलं खुरपं काढलं आणि गुडघ्यावर बसली. वरची माती काळी, भुसभुशीत. मग मुरूम, गोटे. पाऊण तासाने खुरपं खणकन वाजलं. कलाबाई उठून जवळ आली. मामा तिथून निघून गेला होता, फावडं मात्र ठेवून.

सुप्रियाने टेप लावला. एक टोक कलाबाईने धुऱ्यावर धरलं. मग सुप्रियाने कागदावर लिहिलं:

ओळ क्रमांक अकरा. उभा पुरलेला दगड, एक. माथा जमिनीखाली अडतीस सेंटीमीटर. आजच्या धुऱ्यापासून अंतर दोन मीटर चाळीस सेंटीमीटर.