शूचिनची पहिली चहादाणी

शूचिनने आयुष्यातली एकतीस वर्षं चहादाण्या गवतात गुंडाळण्यात घालवली आणि त्यातल्या एकीतूनही ती कधी घोटभर चहा प्यायली नाही. डिंगशू गावच्या चहादाण्यांच्या कारखान्यात ती बांधणीला होती. जांभळट मातीची चहादाणी डाव्या हाताने उचलायची, तोटीत पेंढ्याचा बोळा घालायचा, झाकण वेगळं कागदात बांधायचं, वरून पेंढ्याचे वेढे द्यायचे. स्वतः मात्र नुसतं गरम पाणी प्यायची. चहाने झोप उडते, असं सांगायची. खरं म्हणजे तुला कुठला चहा आवडतो, असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता सांगणाऱ्यांतली ती नव्हती.

तिचा नवरा तान बोयुआन मात्र अट्टल चहाबाज. पंचवीस वर्षं एकच चहादाणी आणि एकच चहा, मागच्या डोंगरावरचा लाल. चहादाणीला एकाच चहाची सवय लावायची, साबण दाखवायचा नाही आणि रोज पाजून तिला पोसायचं, हे डिंगशूत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तानने तिचे इतके लाड केले की तिच्या अंगावर भिजलेल्या खारकेसारखी चकाकी आली. मग बढाई सुरू झाली. "माझ्या चहादाणीला आता पत्तीही लागत नाही. नुसतं गरम पाणी ओता, चहा तयार!"

अशी बढाई इथले बरेच म्हातारे मारतात. तानने मात्र एका रविवारी तीन मित्रांना बोलावून प्रयोगच करून दाखवला. चहादाणी उलटी करून रिकामी दाखवली, शूचिनने आणलेल्या किटलीतलं पाणी ओतलं आणि पेले भरले. तिघे प्यायले. एकाने पेल्यात डोकावून पाहिलं. तानचे कान लाल झालेले शूचिनने दाराच्या पडद्याआडून पाहिले. पुढच्या महिन्यात तिने किटलीत गुपचूप चिमूटभर पत्ती टाकली, पाणी गाळून घेतलं आणि काही न झाल्यासारखी किटली नेऊन ठेवली. चमत्कार झाला. तान खुर्चीत फुलून बसला आणि शूचिन पडद्याआड तोंडात बाही कोंबून हसत सुटली.

त्यानंतर वीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, हा चमत्कार बिनबोभाट होत राहिला.

गेल्या वर्षी, अंगणातल्या झाडाला बारीक पिवळी फुलं येऊन सगळी गल्ली गोड वासाने सुस्तावली होती, त्या दिवसांत तान गेला. दुपारी झोपला तो उठलाच नाही. आता पुन्हा तीच फुलं आली होती. वर्षाच्या दिवसाला आठ दिवस उरले असताना तिघांतला सगळ्यात थोरला, निवृत्त बसड्रायव्हर लाओ क्वांग, दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, वर्षभर कोरडी आहे त्याची चहादाणी. अशीच ठेवली तर कुबट वास धरेल. तुम्ही तर चहा पीत नाही. त्या दिवशी आम्ही तिघे येतो, तिच्यातून एकदा गरम पाणी पितो, मग मी तिला घरी नेतो. अगदी तळहातावर सांभाळीन."

चहादाणी क्वांगच्या घरी गेली, की क्वांग स्वतःच्या किटलीतून स्वतःच्या हाताने पाणी ओतणार. नुसतं पाणी आत जाणार आणि नुसतं पाणी बाहेर येणार. मेल्यावर तान गावभर थापाड्या ठरणार.

"मी लागलेय आता चहा प्यायला," ती बोलून गेली.

"तुम्ही? कुठला?"

"तो... तपकिरी."

क्वांग पायरी उतरला. "बरं," म्हणाला. "त्या दिवशी बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावरून धुकं आलं होतं. कालव्याचं पाणी कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. त्या धुक्यातून शूचिन फानकाकूंकडे गेली. फानकाकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, अजून रोज पाटावर बसून लाकडी थापीने माती थापायच्या. तानची चहादाणी त्यांच्याच हातची.

"चहा प्यायला शिकायचंय," शूचिन म्हणाली. "त्याच्या चहादाणीतून."

"नवशिक्याने दुसऱ्याच्या चहादाणीपासून सुरुवात करू नये," फानकाकू थापी न थांबवता म्हणाल्या. "ती त्याची झालीय. तू तिच्यात काहीही ओत, ती त्याचीच चव देईल. स्वतःची निवड. ती देऊन टाक कुणा पिणाऱ्याला."

"देता येत नाही."

"का गं बाई? सोन्याची आहे?"

एवढी वर्षं पोटात ठेवलेलं शूचिनने सांगून टाकलं. किटली, चिमूट, गाळणं, पडदा, सगळं. फानकाकूंची थापी थांबली. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की डोळे बाहीने टिपावे लागले.

"अगं, त्याला माहीत होतं."

"काय?"

"इथेच, त्या बाकावर बसून सांगितलं त्याने मला. म्हणाला, काकू, पाणी किटलीतूनच पिवळं पडतं हो. आंधळ्यालाही दिसेल."

शूचिन त्याच बाकावर बसली. बाहेर धुक्यात कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली, आणि तानच रविवारचं सामान घेऊन येतोय, असं तिला क्षणभर वाटलं. "मग बोलला का नाही?"

"ते मीही विचारलं. नुसता हसला." फानकाकूंनी हात पुसले. "चल, ऊठ. चहादाणी निवडायला आलीस ना? रडायला नाही."

मागच्या खोलीत फळ्यांवर चहादाण्या रांगेने बसल्या होत्या. खिडकीतून येणारं धुरकट ऊन त्यांच्या पोटांवर पडलं होतं. कुणीतरी आत झोपलंय आणि हळू बोलावं, असं वाटायला लावणारी ती खोली. शूचिनने पहिली उचलली ती मोठी, गोल, जड.

"कुणासाठी?" फानकाकूंनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"तुझ्या हातात मावत नाही ती. ही तानच्या हाताची झाली. ठेव."

दुसरीही तशीच निघाली, आणि तिसरीही. एकतीस वर्षं हजारो चहादाण्या उचललेले हात, आणि स्वतःसाठी एक उचलता येईना, याचा शूचिनला स्वतःवरच राग आला. "मला हे जमणार नाही, काकू."

"सगळ्यांचं असंच होतं. आधी दिसण्यावर जातात. डोळे मीट आणि हाताला विचार."

तिने डोळे मिटले. बोटं फळीवरून चालत गेली. एका छोट्या चहादाणीच्या कानात तिची दोन बोटं अशी सहज शिरली, की तिने ती उचललीय हे तिला नंतर कळलं. पेरूएवढी. पोटाकडे जरा बसकी. तिच्यात एकाचाच चहा झाला असता, दुसऱ्याला विचारायची सोयच नव्हती.

फानकाकूंनी तिच्यात पाणी भरून दिलं. "ओत." धार सरळ, गुळगुळीत पडली. "आता झाकणाच्या भोकावर बोट ठेव." ठेवताच धार तुटली, बोट उचलताच पुन्हा सुरू झाली. शूचिनने हे चार-पाच वेळा केलं. लहान मुलीसारखी खेळत बसली.

"कान आणि तोटी एका रेषेत आहेत का बघ. आत वास घे. मातीशिवाय कसलाही वास नको."

"नाही येत."

"मग झालं तर. आता चहा." फानकाकूंनी पाच-सहा डबे तिच्यापुढे उघडले. "नाव विचारू नकोस. नाक चालव."

लाल चहा तिने लगेच बाजूला सारला. त्यात तान होता. हिरवा तिला कच्च्या शेंगांसारखा वाटला. चौथ्या डब्यात पांढुरकी, लव असलेली पत्ती होती. तिने नाक खाली नेलं आणि तिथेच थांबली. उन्हात वाळलेला पेंढा. कारखान्याची बांधणीची खोली, दुपारी अडीचची वेळ, छपराच्या फटींतून येणाऱ्या उन्हात तरंगणारी धूळ, बावीस वर्षांची ती स्वतः आणि शेजारच्या बायकांचं गाणं. ते दिवस तिला आवडायचे. खूप आवडायचे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"हा," ती म्हणाली.

वर्षाच्या दिवशी तिघे आले. क्वांगबरोबरच्या दोघांतल्या न्हाव्याने तीळ लावलेल्या वड्या आणल्या होत्या, शाळामास्तरांनी तानच्या फोटोपुढे उदबत्त्या लावल्या. टेबलावर तानची चहादाणी मधोमध होती. शूचिन स्वयंपाकघरात किटलीसमोर उभी होती. पत्तीचा डबा हाताशी होता. सवयीने तिची बोटं डब्यात गेलीही. मग तिने ती झटकली. तो असता तर गोष्ट वेगळी होती. आता तो नाही आणि हे खोटं क्वांगच्या घरापर्यंत पुरणार नाही. आज नुसतं पाणी द्यायचं आणि सरळ सांगून मोकळं व्हायचं. लोक त्याला हसले तर हसले. दोष माझा, म्हणून सांगेन.

तिने किटली नेऊन ठेवली आणि जाऊन पडद्याआड उभी राहिली. पायांनीच तिला तिथे नेलं.

क्वांगने चहादाणी उलटी करून दाखवली, जशी तान दाखवायचा. पाणी ओतलं, पेले भरले. तिघांनी घोट घेतला. बाहेर फुलं गळत होती आणि सगळं घर वासाने जड झालं होतं.

"अहाहा," न्हावी म्हणाला.

"आज जरा जास्तच गोडवा आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

सांगायचं ठरवलेलं काही न सांगता शूचिनने वड्यांची ताटली भरून बाहेर नेली.

संध्याकाळ व्हायच्या आत ते उठले. क्वांगने चहादाणी स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळली. शूचिनने ती काढून घेतली, तोटीत कागदाचा बोळा घातला, झाकण वेगळं बांधलं आणि मग परत दिली. तिची स्वतःची पेरूएवढी चहादाणी खिडकीत बसली होती. क्वांगने ती पाहिली.

"तपकिरी?"

"पांढरा," शूचिन म्हणाली.

दोघे न्हावी-मास्तर फाटकाबाहेर गेले. क्वांग पायरीवर घुटमळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, किटलीत पत्ती किती टाकायचात? माझ्याकडेही माणसं येतील आता."

"तुम्हालासुद्धा माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

तिला हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदमच आलं. "चिमूटभर," तिने सांगितलं. "आणि मग पडद्याआड उभं राहून हसायचं. आवाज मात्र बाहेर येऊ द्यायचा नाही."

"यायचा की," क्वांग म्हणाला. "तान आम्हाला खूण करायचा, गप्प बसा, ऐका म्हणून. आम्ही त्यासाठीच तर यायचो."