अ‍ॅव्हरेजपायी गेलेली सीट

उल्हास पटवर्धनला या व्यवहारात एकच नफा हवा होता: स्टिअरिंगमागची सीट, आणि तीही फक्त स्वतःसाठी.

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या घरी गॅरेजात त्याने अडुसष्ट सालची लाल मसल कार आणून उभी केली होती. इंजिन दणदणीत, गिअरबॉक्स मात्र कामातून गेलेला. नवा कोणता बसवायचा, एवढंच ठरायचं होतं.

क्लचचा बसवावा, तर इथल्या मराठी मंडळातले झाडून सगळे पुरुष भारतात फियाटवर शिकलेले. जो तो ‘एक राउंड मारू दे यार’ म्हणणार आणि क्लचची वाट लावून किल्ली परत करणार. ऑटोमॅटिक बसवला, तर ही जमात नाक मुरडून लांब राहील. उरली बायको. शुभा ड्रायव्हिंग इथेच, ऑटोमॅटिकवर शिकलेली; पण त्या इंजिनाच्या आवाजाने तिचं डोकं उठायचं. म्हणजे तिचीही भीती नाही. ठरलं, ऑटोमॅटिक.

मेकॅनिक डेव्हने दोन दाखवले. एक जुन्या पद्धतीचा, तीन गिअरचा. हायवेवर इंजिन बोंबलत राहणार. दुसरा चार गिअरचा. चौथा पडला की इंजिन शांत. उल्हासचं भलं त्या बोंबलण्यातच आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आपला माणूस गाडीपाशी उभा राहून जे विचारल्याशिवाय हलत नाही, ते त्याने विचारलंच: अ‍ॅव्हरेज कुठला जास्त देतो?

असली गाडी बाळगणाऱ्याने पेट्रोलची काळजी करावी, हे डेव्हला नवीन होतं. तो म्हणाला, चार गिअरवाला. उल्हासने चार गिअरवाला घेतला.

पहिल्या रविवारी शुभा शेजारी बसली ती कानात कापसाचे बोळे घालूनच. हायवे लागला, चौथा गिअर पडला. तिने एक बोळा काढला. थोड्या वेळाने दुसरा.

“अगंबाई, बोललेलं ऐकू येतंय की. पुढच्या एक्झिटला थांबव, मी घेते.”

“तुला जड जाईल गं.”

“गिअर गाडीच टाकतेय. तू नेमकं काय करतोयस?”

उल्हासने एक्झिट घेतली.

कोजागिरीला मंडळात गाडी आली तेव्हा मी दारातच उभा होतो. शुभाला गाडी मिळाली, डेव्हला मजुरी, पुरुषांना वर्षभराची चेष्टा. पैसे सगळे उल्हासने भरले, आणि मसाला दुधाचं गरम पातेलं मांडीवर धरून शेजारच्या सीटवर बसला होता, तोही उल्हासच.