खोट्या धुराची बोट

मी एक मोडीत निघालेली बोट बोलतेय. पराक्रमाच्या गोष्टी ऐकायला आला असाल, तर आल्या पावली परत जा.

माझा जन्म गव्हाची पोती वाहण्यासाठी झाला. पोट मोठं, चाल संथ. माझे कप्तान आबा मला 'म्हैस' म्हणत, पण लाडानं. वळताना मी कुरकुरले की म्हणत, "चल गं बाई, घाई कुणाला आहे?" मला तर मुळीच नव्हती.

मग लढाई पेटली. आरमाराची माणसं गोदीत आली आणि त्यांनी माझं पोट फाडलं. धान्याच्या जागी दारूगोळा भरला. डेकवर तोफा बसवल्या आणि त्या लपवायला भोवती लाकडी खोकी उभी केली, म्हणजे दुरून मी तीच भोळी म्हैस दिसावी. नवा साहेब आला. गणवेशाला सुरकुती नाही, बोलण्याला ओलावा नाही. आबांना समुद्राच्या वाटा माहीत म्हणून ठेवून घेतलं, पण हुकूम साहेबाचा. मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलत होता.

त्याची युक्ती ऐका. डेकवर तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवायच्या आणि संकटाचं निशाण चढवायचं. बोटीला आग लागली असं समजून कुणी जवळ आलं, की खोकी बाजूला आणि तोफा पुढे!

एका दुपारी शत्रूची एक मालवाहू बोट आमच्याकडे वळली. तिच्यावर साधी बंदूकही दिसत नव्हती. तिनं होडी पाण्यात सोडली. तिचे खलाशी वल्ही मारत आम्हाला वाचवायला निघाले.

"साहेब, ते मदतीला येताहेत," आबा म्हणाले.

"येऊ देत की. मग धूर कशाला केलाय?"

"अहो, शत्रू झाला म्हणून काय झालं? दर्यावर असं कुणी करत नाही!"

"तुम्ही वाट दाखवा, आबा. अक्कल शिकवू नका."

आबा कठड्याकडे धावले. दोन्ही हात हलवत ओरडले, "मागे फिरा! मागे फिरा!" वारा उलटा होता. शब्द पोचलेच नाहीत, हात तेवढे दिसले. होडीतल्यांना वाटलं, म्हातारा मदत मागतोय. ते आणखी जोरानं वल्ही मारू लागले.

तोफा सुटल्या. माझे सांधे हादरले. मला माझीच किळस आली.

ती मालवाहू बोट बुडू लागली, पाण्यात माणसं ओरडत होती. आबांनी कुणाला विचारलं नाही. आमची होडी सोडून एकटेच तिच्यात उतरले. सारंग, म्हणजे आमच्या खलाशांचा मुकादम, साहेबापुढे हात जोडून म्हणाला, "कप्तान खाली आहेत! थांबा हो!"

साहेब म्हणाला, "इंजिन सुरू."

मी थांबू शकले नाही. बोटीला कुठले पाय रोवायला! मागे आबा एकेकाला होडीत ओढून घेत होते. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

लढाई संपली. माझ्याच डेकवर साहेबाला पदक मिळालं. आबांच्या बायकोलाही बोलावलं होतं. साहेब घसा खाकरून म्हणाला, "शत्रूशी लढताना तुमचे यजमान कामी आले."

गर्दीतून सारंग पुढे आला. "खोटं आहे, वहिनी. ते बुडणाऱ्यांना काढायला उतरले, आणि आम्ही त्यांना टाकून आलो."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. बाईंनी साहेबाला विचारलं, "नंतर तरी कुणी शोधायला गेलं होतं का?"

साहेब छातीवरचं पदक सरळ करत दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला. सारंगाची नोकरी गेली. साहेबाला मात्र बढती!

आता कामगार माझे पत्रे कापताहेत. दुखतं, पण त्यांच्यावर माझा राग नाही. कानावर आलंय, की मला पाण्यातून पुढे ढकलणाऱ्या पंख्याचं पितळ वितळवून साहेबाचा पुतळा ओतणार आहेत. बाबांनो, त्या पितळेच्या नळाच्या तोट्या करा, दाराच्या कड्या करा, म्हाताऱ्यांच्या काठ्यांना मुठी करा. पण त्या माणसाचं तोंड तेवढं त्यातून घडवू नका. जिवंतपणी त्याला पाठीवर वाहिलं, तेवढं पुरे झालं.